मोडीचे रुमाल माळ्यावर आणि पीएच.डी.ला पैसा नाही : इतिहास, भाषा, साहित्यवाल्यांच्या फेलोशिपबद्दल

चंद्रभागा_दर्यापूर
नमस्कार मंडळी. विज्ञान-इंजिनिअरिंगच्या फेलोशिपवर इथे भरपूर धागे आहेत. इतिहास, मराठी, तत्त्वज्ञान, समाजशास्त्र करणाऱ्यांसाठी एकही सापडला नाही, म्हणून हा काढते.

मी दर्यापूर तालुक्यातली. अमरावती विद्यापीठात इतिहासात पीएच.डी.ची नोंदणी झाली आहे. विषय आहे वऱ्हाडातली देशमुखी-देशपांडे वतनं. निजामाने १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं, त्याच्या आगेमागे या वतनांचं आणि त्यांच्या गावांचं काय झालं ते मला पाहायचं आहे. त्या काळचे मोडी कागद आमच्या भागातल्या वाड्यांत अजून पडून आहेत. एका वाड्यात माळ्यावर रुमाल, म्हणजे खादीच्या फडक्यात बांधलेले कागदांचे गठ्ठे आहेत. त्यातला एक उघडला तर वाळवीने मधोमध आरपार भोक पाडलेलं. प्रत्येक ओळीची सुरुवात आहे, शेवट आहे, मधली रक्कम गायब. असे किती रुमाल कुठे कुठे संपत असतील, या विचाराने झोप लागत नाही.

सेट (राज्याची प्राध्यापक पात्रता परीक्षा) झालं आहे, जेआरएफ (नेट परीक्षेतून मिळणारी यूजीसीची संशोधन फेलोशिप) नाही. वय ३१. तासिका तत्त्वावर शिकवते, मानधन वर्षाच्या शेवटी कधीतरी येतं. घरी कोरडवाहू शेती आहे. हैदराबाद, पुणे, नागपूर इथल्या अभिलेखागारांत जाऊन बसल्याशिवाय हा विषय होणार नाही, आणि जायला-राहायला पैसा नाही. कॉलेजात सांगितलं की वय गेलं, आता जेआरएफ विसर. यूट्यूबवर जगातल्या दहा सर्वोत्तम फेलोशिपच्या याद्या पाहिल्या. त्यात आपल्यासारख्यांसाठी खरोखर काय आहे? ज्यांनी घेतल्यात त्यांनी सांगा.

शकुंतला_बनोसा
ताई, कोन सांगतलं वय गेलं म्हनून? जेआरएफले ३० ची अट हाये, पन बायाइले ५ वर्षाची सूट हाये. एससी, एसटी, ओबीसी, दिव्यांग यायलेही हाये. म्हंजे तुमाले ३५ लोक बसता येते. आजच फॉर्म पाहा, बाकीचं मंग.

परतवाडा_नाका
शकुंतला रेल्वे बंद, बनोसा स्टेशनावर गाडी येत नाही, पण सल्ला वेळेवर येतो 😄

शकुंतला_बनोसा
गाडी बी येईन भाऊ. आमी वाट पाहूनच राह्यलो.

देवळीकर
शकुंतलाभाऊ बरोबर आहेत. ताई, पहिला नेम जेआरएफवरच धरा. १ जानेवारी २०२३ पासून जेआरएफ महिना ३७,००० आणि एसआरएफ (पहिल्या दोन वर्षांनंतरचा पुढचा टप्पा) ४२,००० रुपये आहे. वर घरभाडं शहराच्या वर्गानुसार. मानव्यशाखांना आकस्मिक खर्चासाठी पहिली दोन वर्षं वर्षाला १०,००० आणि पुढे २०,५००. एकूण मुदत पाच वर्षं. त्यासाठीची नेट परीक्षा वर्षातून दोनदा, एकूण १५० प्रश्न, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत.

पैसे कसे येतात ते कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगतो. यूजीसीची रक्कम कॅनरा बँकेच्या पोर्टलवरून थेट खात्यात येते, पण दर महिन्याला संस्थेने "हा विद्यार्थी काम करतो आहे" असं पोर्टलवर नोंदवावं लागतं. एक जण नोंद करतो त्याला मेकर म्हणतात, दुसरा मंजूर करतो तो चेकर. तालुक्याच्या कॉलेजात संशोधन केंद्र असलं तरी हे दोघे कोण, हेच कधीकधी ठरलेलं नसतं. माझ्या वेळी मेकर बाबू निवृत्त झाले आणि त्यांचा पासवर्ड त्यांच्यासोबतच गेला. नवीन नेमणूक होऊन मागची थकबाकी निघेपर्यंत मी मावसभावाकडून उसने घेऊन दिवस काढले. म्हणून रुजू अहवाल देतानाच विचारा : मेकर कोण, चेकर कोण, महिन्याच्या कोणत्या तारखेला नोंद करता? त्या दोघांशी चांगले संबंध ठेवा, दिवाळीला चकल्या न्या. हे मी मनापासून सांगतो आहे.

कापूसकोंड्या
सगळं खरं, पण नेटचा इतिहासाचा पेपर मराठीत नसतो हे कोण सांगणार? भाषेचे विषय सोडले तर नेट फक्त हिंदी आणि इंग्रजीत. आमच्या खेड्यातली मुलं बारावीपासून एम.ए.पर्यंत मराठीत शिकतात, सेट मराठीत देतात, पास होतात. सेटने प्राध्यापक होता येतं, फेलोशिप मिळत नाही. फेलोशिपसाठी जी परीक्षा आहे ती त्यांच्या भाषेत नाही. हा अन्याय आहे आणि यावर विदर्भातून एकही मोठा आवाज उठत नाही याचं मला वाईट वाटतं.

देवळीकर
@कापूसकोंड्या, शंभर टक्के सहमत. पण तोवर काय करायचं? मी हिंदीतून दिला. वर्ध्याला हिंदी विद्यापीठाच्या ग्रंथालयात बसून हिंदी पुस्तकातून इतिहासाच्या संज्ञा पाठ केल्या. वऱ्हाडी माणसाला हिंदी जड जात नाही, पारिभाषिक शब्द तेवढे वेगळे करावे लागतात.

तर्जनी
यूट्यूबच्या याद्यांबद्दल. मी सध्या परदेशात शिकते, मूळ मोर्शीची. त्या याद्यांतली अर्धी नावं आपल्यासाठी नाहीतच. गुगेनहाइम फेलोशिप १९२५ पासूनची, मोठ्या मानाची, पण ती अमेरिका-कॅनडाच्या नागरिकांना आणि तिथे कायम वास्तव्याचा परवाना असणाऱ्यांना. नॅशनल एन्डाउमेंट फॉर द ह्युमॅनिटीज ही अमेरिकन सरकारची संस्था, १९६५ ची. तिची संशोधकांसाठीची अनुदानं मुख्यतः तिथल्याच लोकांसाठी. शिवाय एप्रिल २०२५ मध्ये तिने आधी मंजूर केलेली अनुदानं मोठ्या प्रमाणावर रद्द केली, म्हणजे तिथल्या प्राध्यापकांनाच घोर लागला आहे. नॉर्थ कॅरोलिनाचं नॅशनल ह्युमॅनिटीज सेंटर किंवा जर्मनीची हुम्बोल्ट फेलोशिप आपल्याला खुली आहे. हुम्बोल्टला तर देशनिहाय किंवा विषयनिहाय कोटाच नाही, पण या दोन्हीला आधी पीएच.डी. पूर्ण लागते. चंद्रभागाताई, त्या तुम्ही पुढे पाहा.

आत्ता तुमच्या कामाच्या दोन. फुलब्राइट-नेहरू डॉक्टरल : भारतात पीएच.डी.ला नोंदणी असलेल्यांना ६ ते ९ महिने अमेरिकेतल्या विद्यापीठात. त्या व्हिसावर गेलं की नंतर दोन वर्षं मायदेशी राहणं बंधनकारक असतं. तुम्हाला तर यायचंच आहे. दुसरी चार्ल्स वॉलेस इंडिया ट्रस्ट : भारतात राहणाऱ्या भारतीयांना ब्रिटनमध्ये थोड्या काळाच्या संशोधनासाठी मदत. पूर्ण खर्च निघेल असं समजू नका, हातभार म्हणा. पण तुमच्या विषयाला ती अगदी लागू आहे, कारण हैदराबादच्या ब्रिटिश रेसिडेंटचा वऱ्हाडबद्दलचा पत्रव्यवहार लंडनला ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिस रेकॉर्ड्समध्ये आहे. अर्ज करताना कोणत्या मालिकेतले कोणते खंड पाहायचे ते नावानिशी लिहा. "लंडनच्या ग्रंथालयात संशोधन करीन" असं लिहिलेले अर्ज बाजूला पडतात.

सुमेध_अकोट
परदेशाचा विषय निघाला म्हणून एक गोष्ट बोलतोच. केंद्राची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप आहे. अनुसूचित जाती, विमुक्त-भटक्या जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांच्या मुलांसाठी. एकूण १२५ जागा. २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत त्यातून भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरचे सामाजिक अभ्यास हे विषयच वगळले. म्हणजे मजुराच्या मुलाने बाहेर जाऊन आपल्याच समाजाचा इतिहास अभ्यासायचा तर या पैशावर नाही. माझा विषय विदर्भातल्या अस्पृश्यांच्या वसतिगृह चळवळीचा होता. लंडनमधल्या विद्यापीठाचं प्रवेशपत्र हातात होतं. तो अर्ज मी भरूच शकलो नाही.

राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, अनुसूचित जातीच्या मुलांनी तीही पाहावी. आणि इथे बार्टी, अनुसूचित जातींच्या संशोधकांना फेलोशिप देणारी राज्याची संस्था, आहेच. ज्या समाजाची माणसं अभिलेखागारात पोहोचत नाहीत, त्यांचा इतिहास दुसरेच लिहितात. म्हणून चिडतो.

परतवाडा_नाका
सुमेधदादा, पुढे झालं काय त्या विषयाचं?

सुमेध_अकोट
नागपूरला नोंदणी केली. सुरू आहे. जुन्या वसतिगृहांचे हजेरीपट सापडले आहेत, त्यावर वेगळा धागा काढतो.

शब्बो_बाळापूर
सलाम. मी उर्दू साहित्यात करते. मौलाना आझाद फेलोशिप अल्पसंख्याक मुलांसाठी होती, ती २०२२-२३ पासून नव्या विद्यार्थ्यांसाठी बंद झाली. आधीच्यांना मुदतीपर्यंत मिळत राहिली. माझ्या मोठ्या बहिणीची पीएच.डी. त्याच पैशावर झाली, माझ्या वेळी दार बंद. आमच्या घरात मुलगी बाहेर राहून शिकते म्हटलं की तिच्या हातात स्वतःचा पैसा असणं यावरच सगळं अवलंबून असतं. ३७,००० येतात म्हटल्यावर मामूंचा आवाजही खाली येतो. ज्यांनी ती बंद केली त्यांना हे कळलं असेल असं वाटत नाही.

@चंद्रभागा, एक विचारू? निजामाच्या काळातले वऱ्हाडचे जुने कागद फारसीत असणार. हैदराबादला तारनाक्याच्या अभिलेखागारात दफ्तर-ए-दिवानी वगैरे. ते कोण वाचून देतंय?

चंद्रभागा_दर्यापूर
@शब्बो, कुणीच नाही. तीच मोठी अडचण आहे. मोडी मला येते, फारसी अजिबात नाही.

शब्बो_बाळापूर
मला शिकस्ता (फारसीचं घाईचं, जोडून लिहिलेलं वळण) वाचता येते, अब्बांनी शिकवली. मोडी येत नाही. बघा काय जमतं ते.

शकुंतला_बनोसा
वा! घ्या, जोडी जमली. बाळापूर-दर्यापूर काही लांब नाही.

जुना_वाचक
मुलांनो, मी आयुष्यभर इतिहास शिकवला, आता निवृत्त आहे. अर्ज तपासण्याच्या समित्यांवरही बसलो. थोडं सविस्तर लिहितो.

जेआरएफ नसलेल्यांसाठी दोन परिषदा आहेत. आयसीएसएसआर, म्हणजे सामाजिक विज्ञानांची, १९६९ ची. तिची डॉक्टरल फेलोशिप महिना २०,००० आणि वर्षाला २०,००० आकस्मिक खर्च, जास्तीत जास्त दोन वर्षं. तुमचा विषय वतनांचा आणि गावसमाजाचा आहे, तो सामाजिक इतिहास म्हणून तिथे मांडता येतो. दुसरी आयसीएचआर, इतिहासाची, १९७२ ची. तिच्या कनिष्ठ फेलोशिपची रक्कम माझ्या विद्यार्थ्यांना १७,६०० मिळत होती, पण त्याहून महत्त्वाचं तिथलं अभ्यास-प्रवास अनुदान. ते लहान असतं, म्हणून कुणी लक्ष देत नाही. तुम्हाला हैदराबादला महिनाभर बसायचं आहे ना? ते त्यासाठीच आहे. तत्त्वज्ञानवाल्यांसाठी आयसीपीआर वेगळी आहे.

समितीत आम्ही पाहायचो ते एवढंच : या उमेदवाराला कागद कुठे आहेत हे माहीत आहे का? पुण्या-मुंबईहून येणाऱ्या प्रस्तावांची इंग्रजी सुरेख असायची, संदर्भसूची लांबलचक असायची, पण साधनं तीच छापील. विदर्भातून कधीतरी एखादा प्रस्ताव यायचा, इंग्रजी अडखळणारी, पण त्यात लिहिलेलं असायचं की अमुक गावी अमुक घराण्याकडे इतके रुमाल आहेत, मी ते पाहिले आहेत, वाचण्याची परवानगी घेतली आहे. असा प्रस्ताव मी हातातून सुटू दिला नाही. चंद्रभागाबाई, तुमच्या पोस्टमधला वाळवीचा परिच्छेद प्रस्तावाच्या पहिल्या पानावर घाला.

यवतमाळच्या शारदाश्रमात एकदा जा. पोथ्या आणि कागदांसाठी त्या ठिकाणाचं ऋण विदर्भाने अजून फेडलेलं नाही. नागपूरच्या शासकीय अभिलेखागारात १८५३ नंतरचं बरंच मिळेल. आणि सारथी या राज्याच्या संस्थेची जाहिरात पाहा. मराठा, कुणबी, मराठा-कुणबी, कुणबी-मराठा यांच्यासाठी छत्रपती शाहू महाराजांच्या नावाची संशोधन फेलोशिप आहे. इतर मागासवर्ग, भटके-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गासाठी नागपूरच्याच महाज्योतीची. जागा आणि निवडीच्या अटी वर्षागणिक बदलतात, तेव्हा ज्या वर्षी अर्ज कराल त्या वर्षीची जाहिरात शब्दन् शब्द वाचा. दोन ठिकाणी अर्ज करायला हरकत नाही, मात्र एका वेळी एकाच ठिकाणची फेलोशिप घेता येते.

चंद्रभागा_दर्यापूर
सर, कुणबीच आहे. आभार मानायला शब्द नाहीत. शारदाश्रमात जाते.

कापूसकोंड्या
सरांचा पूर्ण आदर ठेवून एक विचारतो. फेलोशिप घेऊन पाच वर्षं गेली, पुढे काय? विदर्भात मराठी-इतिहासाच्या जागा किती निघतात? पीएच.डी. झालेली माणसं तासिकेवर म्हातारी होत आहेत. चंद्रभागाताईंना आशा लावण्याआधी हेही सांगा.

जुना_वाचक
प्रश्न रास्त आहे आणि माझ्याकडे गोड उत्तर नाही. जागा भरल्या पाहिजेत, त्यासाठी भांडलंही पाहिजे. पण ते रुमाल जागा निघण्याची वाट पाहणार नाहीत.

देवळीकर
तासिकेवरून आठवलं : फेलोशिप चालू असताना पगारी काम चालत नाही, आणि तासिकेचं मानधन त्यात येतं की नाही यावर कॉलेजाकॉलेजांत वेगळं सांगतात. तोंडी उत्तर घेऊ नका. विद्यापीठाला लेखी विचारून आवक क्रमांक टाकून ठेवा, नाहीतर पुढे वसुली निघते.

वडसा_लाईन
पीएच.डी. नसलेल्यांचंही कुणी बोला! मी देसाईगंजचा. झाडीपट्टीत नाटकं लिहिली, कामं केली, आता दंडार आणि खडी गंमत या इथल्या लोकनाट्यांचं दस्तऐवजीकरण करतो आहे. संस्कृती मंत्रालयाची कनिष्ठ फेलोशिप महिना १०,००० आणि वरिष्ठ २०,०००, दोन वर्षं. कनिष्ठला वय २५ ते ४०, वरिष्ठला त्याच्या वर. बंगळूरच्या इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्सचं कला-संशोधन अनुदान आहे, तिथे प्रस्ताव मराठीतून पाठवता येतो. मी मराठीतूनच पाठवला. "खडी गंमत" म्हणजे काय हे त्यांनी फोन करून विचारलं आणि पुष्कळ वेळ ऐकून घेतलं. अनुदान त्या खेपेला मिळालं नाही, पण तेवढ्या आस्थेने माझा विषय इथल्या कुणी कधी ऐकला नव्हता. पुन्हा पाठवणार.

अनुवाद करणाऱ्यांसाठी न्यू इंडिया फाउंडेशनची अनुवाद फेलोशिप आहे. दहा भारतीय भाषांतून इंग्रजीत, त्यात मराठी आहे. सहा महिने, सहा लाख.

परतवाडा_नाका
सहा लाख?? मामा, जरा नीट सांगा.

वडसा_लाईन
हो रे. कथा-कादंबरी नाही, वैचारिक-ऐतिहासिक गद्य, १८५० नंतरचं. जुन्या वऱ्हाडी लेखकांची आत्मवृत्तं पडून आहेत. कर कुणीतरी.

मेळघाटी_मास्तर
धारणी तालुक्यातला शिक्षक आहे. माझी मुलं घरी कोरकू बोलतात, शाळेत मराठी. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा, म्हणजे तिचे सख्खे नातलग तिकडे झारखंड-ओडिशात. शेजारी बुलढाण्याकडच्या निहालीला तर जगात कुणी नातलगच सापडलेला नाही. अशा भाषांच्या नोंदीसाठी एन्डेंजर्ड लँग्वेजेस डॉक्युमेंटेशन प्रोग्राम आहे, सध्या बर्लिनहून चालतो. ध्वनिमुद्रण आणि चित्रीकरण करून ते खुल्या संग्रहात ठेवायचं असतं. भाषाशास्त्राचं शिक्षण किंवा तसा सहकारी लागतो. मी एका विद्यापीठातल्या बाईंसोबत अर्ज तयार करतो आहे.

एक अट मला फार आवडली : बोलणाऱ्या समाजाची संमती कशी घेणार, आणि त्यांना परत काय देणार, हे सविस्तर विचारतात. आमच्या गावातल्या म्हाताऱ्या सिडोली गातात, मर्तिकाच्या वेळची गाणी. त्यांनी विचारलं, आमचं रडणं त्या परदेशातल्या पेटीत कायले ठेवतं मास्तर? मी सांगितलं, तुझी पणती ऐकेल म्हणून. मग म्हणाल्या, पण बाहेरच्या माणसाने ऐकण्याआधी आम्हाला विचारायचं. ती अट मी अर्जात तशीच लिहिली आहे.

शब्बो_बाळापूर
मास्तर, हे वाचून अंगावर काटा आला.

तर्जनी
मास्तरांवरून आठवलं, चंद्रभागाताईंच्या रुमालांसाठी सगळ्यात नेमकी गोष्ट राहूनच गेली. ब्रिटिश लायब्ररीचा एन्डेंजर्ड आर्काइव्हज प्रोग्राम, २००४ पासून सुरू आहे. धोक्यात असलेले जुने कागद जागेवर जाऊन डिजिटल करायचे, मूळ कागद देशाबाहेर जात नाहीत. पैसा संशोधनाला नाही, जतनाला आहे, म्हणजे तुमचा पीएच.डी.चा खर्च त्यात धरता येणार नाही. अर्ज संस्थेमार्फत करावा लागतो. आधी छोट्या चाचणी प्रकल्पाला मागता येतं : कुठल्या वाड्यांत काय आहे, किती आहे, कोणत्या अवस्थेत आहे याची पाहणी.

कापूसकोंड्या
आपल्या सरकारचं ज्ञान भारतम् आहे की, २०२५ च्या अर्थसंकल्पातलं. एक कोटीहून जास्त हस्तलिखितं. लंडन कशाला?

जुना_वाचक
ज्ञान भारतम् जरूर पाहावं. पण राष्ट्रीय पांडुलिपी मिशनपासून हस्तलिखिताची सरकारी व्याख्या चालत आली आहे : किमान ७५ वर्षं जुनी, हाताने लिहिलेली रचना. महसुली कागद, फर्मानं, शिलालेख त्यात धरत नाहीत. म्हणजे रिद्धपूरच्या महानुभाव मठातली पोथी तिथे बसते, दर्यापूरच्या देशमुखाचा वसूलबाकीचा कागद बसत नाही. कागद मोलाचा असूनही कोणत्याच खान्यात न बसणं, हे आपल्या मोडी दफ्तरांचं जुनं दुखणं आहे. रिद्धपूरला आता मराठी भाषा विद्यापीठ झालं आहे. त्यांनी या दफ्तरांकडे लक्ष द्यावं यासाठी आपण सगळ्यांनी मिळून पत्र लिहावं, मसुदा मी करतो.

सुमेध_अकोट
सर, माझी सही धरा. वतनदारांच्या कागदांत महारवतनाच्या नोंदी असतात, त्या कुणी वेगळ्या काढलेल्या नाहीत.

कापूसकोंड्या
माझीही.

चंद्रभागा_दर्यापूर
सगळं दोनदा वाचलं. ठरवलं ते असं : येत्या नेटचा फॉर्म भरते, हिंदी माध्यम घेऊन. सारथीची जाहिरात निघाली की तिथे अर्ज. हैदराबादसाठी आयसीएचआरचं प्रवास अनुदान मागते. शब्बो येत असेल तर तिच्याही नावाने वेगळा अर्ज करू, नोंदी दोघींच्या. वाड्यांच्या पाहणीचा चाचणी प्रकल्प आमच्या कॉलेजमार्फत पाठवायचा प्रयत्न करते. प्राचार्यबाई तयार आहेत, मात्र असं अंदाजपत्रक त्यांनी कधी केलेलं नाही. कुणी तपासून देईल का? आणि सुमेधदादा, महारवतनाचे कागद वेगळे नोंदवून ठेवते, या पाहायला.

शब्बो_बाळापूर
येते. अम्मीशी बोलले.

तर्जनी
अंदाजपत्रक इथेच टाका, मी पाहते. दोन गोष्टी आधीच सांगते. सपाट स्कॅनर धरू नका, मोडीचे जुने कागद काचेखाली दाबले की घडीवर तुटतात. वरून कॅमेरा लावायचा स्टँड आणि दोन दिवे धरा. आणि गावात वीज जाते म्हणून इन्व्हर्टर लिहायला लाजू नका. का लागतो तेवढं एका ओळीत लिहा.

शकुंतला_बनोसा
इन्व्हर्टर माह्या दुकानातून घ्या ताई, पक्कं जीएसटीचं बिल देतो. तपासणीत बिलावरूनच लय लोक अडकते. आन् माळ्यावरून रुमाल उतरवाले दोन पोट्टे पाठवतो, फक्त पावसाच्या आधी सांगजा.